इंजिनाचा कान आणि सहा बोळे

त्याचे असे झाले. २०१४ च्या नोव्हेंबरात आमच्या जुन्या कॅम्रीच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि त्याच दिवसापासून गाडी चौथा गिअर घेईनाशी झाली. शारजाहून दुबईला जाताना रस्ता मोकळा सापडला (तो कधी सापडतो म्हणा!) तरी गाडी आपली तिसऱ्यातच घुमत राही. आमच्या सौ. अल् कुसैसच्या एका शाळेत शिकवतात. रोजचे जाणे-येणे त्यांचेच. संध्याकाळी घरी आल्या की आधी चपला काढत आणि मग म्हणत, "तुमची गाडी आज पुन्हा ओरडत आली."

गाडी चांगली असली की 'आपली' असते आणि बिघडली की 'तुमची' होते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

ही गाडी आम्ही २००८ साली अबू शगाराच्या जुन्या मोटारींच्या बाजारातून घेतली होती. (तो बाजार पुढे तिथून उठला आणि गावाबाहेर, अल् धैदच्या रस्त्यावर सूक अल् हराजमध्ये गेला.) मॉडेल २००१ चे, सहा सिलिंडरचे, अमेरिकेत वापरून जहाजाने इकडे आलेले. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारीला स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खोबण सक्तीची झाली. तिला छोटे यंत्र जोडले की गाडीचा कॉम्प्युटर आपली तक्रार आकड्यांत सांगतो. आम्ही एका मित्राचे यंत्र मागून आणले. आकडा आला पी ०३२५. यातला 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचे खाते, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला आकडा, तीन म्हणजे ठिणगीची व्यवस्था आणि पंचवीस म्हणजे नॉक सेन्सरचे सर्किट.

'सर्किट' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. आम्ही तेव्हा ठेवला नव्हता.

इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजवाल्याला विचारले. त्याने बॉनेटही उघडले नाही. मॉडेल ऐकले, आकडा ऐकला आणि म्हणाला, "अठराशे दिरहॅम मजुरी, सामान वेगळे." गाडीचीच किंमत त्या वेळी सात हजारांच्या वर येत नव्हती. आम्ही म्हटले, वीत नाही की हात नाही एवढ्या वस्तूचे अठराशे? तो हसला. "वस्तू लहान आहे साहेब, पण ती कुठे बसली आहे ते आधी बघा." त्याच्यावर आमचा राग नाही. पुढे जे पाहिले त्यावरून त्याने वाजवी सांगितले असेच आम्ही म्हणू. पण त्या महिन्यात आई-बाबा यायचे होते, विमानाची तिकिटे काढून झाली होती आणि अठराशे दिरहॅम हा आकडा आमच्या घरात मोठ्याने उच्चारण्यासारखा नव्हता. गाडी भंगारात द्यावी, की आहे तशीच ओरडत चालवावी, की स्वतः हात घालावा, असे तीन रस्ते उरले.

आता हा नॉक सेन्सर म्हणजे काय, ते सांगायला आम्हांला बाबांची फियाट आठवावी लागते. कुर्ल्याला तयार झालेली ती गाडी बाबांनी साताऱ्याला वीस वर्षे चालवली. खंबाटकीच्या घाटात ती भरल्या ओझ्याने चढू लागली की इंजिनातून बारीक टकटक आवाज येई, काचेच्या बरणीत खडे हलवावेत तसा. बाबा लगेच म्हणत, "नॉक मारतेय." घाट संपला की गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचे, डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल करून तो केसभर फिरवायचा आणि पुन्हा कान लावायचा. ठिणगी जरा उशिरा पडू लागली की आवाज थांबे.

सिलिंडरमधले पेट्रोल प्लगपासून सुरू होऊन शिस्तीत पलीकडच्या टोकापर्यंत जळत जावे अशी अपेक्षा असते. पण इंजिन फार तापले किंवा पेट्रोल हलक्या नंबरचे असले की पलीकडच्या टोकाचा वायू आपली पाळी येण्याआधीच आपोआप भडकतो. त्या धक्क्याने सिलिंडर घंटेसारखा वाजतो. आमच्यासारख्या इंजिनात ही कंपने सेकंदाला सहा-सात हजारांच्या घरात असतात. हे फार दिवस चालले तर पिस्टनला भोकही पडू शकते.

बाबांचा कान जे काम करी तेच काम आता हा सेन्सर करतो. त्याच्या पोटात एक स्फटिकासारखी चकती असते. तिच्यावर दाब पडला की तिच्यातून वीज निघते. हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली पॅरिसमध्ये दाखवून दिला. स्वयंपाकघरात गॅस पेटवायचा जो खटक्याचा लायटर असतो, त्यातली ठिणगी याच गुणामुळे पडते. इंजिनाच्या धडाला बसवलेला सेन्सर धडाची थरथर ऐकतो, कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी केसभर मागे घेतो. हे सगळे बाबांना घाट संपण्याची वाट पाहायला लावल्याशिवाय!

आणि कान बहिरा झाला तर? कॉम्प्युटर बिचारा भित्रा असतो. ऐकू येत नाही म्हटल्यावर तो ठिणगी कायमचीच मागे ठेवतो. गाडीचा दम जातो आणि पेट्रोल जास्त लागते. आमच्या मॉडेलमध्ये तर तो वरचा गिअरही बंद करतो, म्हणजे कमी फेऱ्यांवर ओझे पडून इंजिन नॉक मारायला नको. त्या वेळी पेट्रोलचे दर सरकारने ठरवलेले असत. ९५ नंबरचे पेट्रोल लिटरला १ दिरहॅम ७२ फिल्सना मिळे. १ ऑगस्ट २०१५ पासून दर खुले झाले, ते पाहायला ही गाडी तिसऱ्या गिअरात उरली नाही हे आमचे नशीब.

इथेच आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण अमेरिकेतून आलेली गाडी वापरणारे पुष्कळ वाचक आहेत. अशा गाडीच्या पुस्तकात ८७ किंवा ९१ नंबरचे पेट्रोल घाला असे लिहिलेले असते. तो ९१ आणि इथल्या पंपावरचा ९१ एक नव्हेत. अमेरिकेत दोन पद्धतींच्या मोजणीची सरासरी छापतात, इथे एकाच पद्धतीचा आकडा छापतात, आणि तो मोठा येतो. अमेरिकेचा ८७ म्हणजे इथला साधारण ९१, आणि तिथला ९१ म्हणजे इथला ९५-९६. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पुस्तकातला ९१ पाहून तीन वर्षे इथला ९१ भरत होते आणि उन्हाळ्यात गाडी खडखडते म्हणून गाडीला दोष देत होते.

असो. सेन्सर बसला होता कुठे? सहा सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या उभ्या असतात. त्या दोन रांगांमधल्या घळीत, अगदी तळाशी, दोन सेन्सर. ऐकायला जागा उत्तम, कारण दोन्ही रांगा तिथून जवळ. पण त्या घळीवर हवेचा अख्खा मॅनिफोल्ड झाकणासारखा बसवलेला. कारखान्यात आधी सेन्सर बसवतात आणि मग झाकण, त्यामुळे त्यांचे काही अडत नाही. अडते ते आपले.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हे काम करावे असा आमचा पहिला विचार होता. नातुराने, म्हणजे वॉचमनने, तो ऐकताच मोडून काढला, आणि ते बरोबरच होते. तिथे तेला-पाण्याचा थेंब सांडला की वीस बिऱ्हाडांचा प्रश्न होतो. तेव्हा आम्ही अजमानच्या काकांना फोन केला.

हे काका आमच्या नात्यातले नव्हेत, पण इथे सगळेच त्यांना काका म्हणतात. एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत उमेदीची वर्षे काढून ते १९७७ साली आखातात आले आणि आता मुलाकडे असतात. जुनी व्हिला, पुढे भिंतीने बंद अंगण, कडुलिंबाची सावली. आम्ही फोनवर सगळी हकीकत सांगितली. काका म्हणाले, "ये की. पण सेन्सर घेऊन येऊ नकोस. आधी वायर बघू."

"काका, आकडा सेन्सरचाच आला आहे."

"अरे बाबा, आकडा म्हणतोय आवाज येत नाही. टेलिफोन बंद पडला तर बोलणारा मेला असं धरतोस का तू? तार तुटली असेल."

पुढच्या शुक्रवारी पहाटे गाडी त्यांच्या अंगणात लावली. (तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे. २०२२ पासून देशाची आठवड्याची सुट्टी बदलली हे वाचक जाणतातच.) आई-बाबा येऊन चार दिवस झाले होते, त्यांनाही बरोबर घेतले. आई काकूंबरोबर आत गेली. बाबांनी अंगणात खुर्ची मागून घेतली.

काकांनी आधी सामानाचा कप्पा काढायला लावून त्यामागचा कॉम्प्युटर उघडा केला. तिथून इंजिनावरच्या प्लगपर्यंत वायर मल्टिमीटरने तपासली. ती शाबूत होती. म्हणजे दोष त्या प्लगच्या पुढे, मॅनिफोल्डखाली. तिथे सेन्सरपर्यंत जाणारी वीतभर वायर वेगळी मिळते. काका म्हणाले, आता उघडायचेच आहे तर दोन्ही सेन्सर, ती वायर आणि सगळी पॅकिंग नवीन घाल, आणि कंपनीचीच घाल. शारजाच्या बाजारात याच डब्यातली नक्कल चाळीस दिरहॅमला मिळते. पण ज्या जागी पोचायला पुरा दिवस जातो तिथे चाळीस दिरहॅमची वस्तू बसवणे म्हणजे पुन्हा दिवस घालवायची तयारी ठेवणे. त्या दिवशी एवढेच काम झाले. सामान आम्ही आठवडाभरात आणले. सगळे मिळून सातशेच्या आत बसले. खरे काम त्यापुढच्या शुक्रवारी झाले.

खोलण्याची सगळी हकीकत सांगत नाही, ती कंटाळवाणी आहे. बॅटरीची ऋण बाजू काढायची, इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, पेट्रोलच्या नळीतला दाब आधी उतरवून घ्यावा, आग विझवायचे नळकांडे हाताशी असावे, घड्याळ आणि अंगठी खिशात जावी. कूलंट बादलीत काढले की बादली झाकावी. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते, आणि काकूंच्या अंगणात पाच मांजरे होती. प्रत्येक नळी काढण्यापूर्वी तिला कागदी चिकटपट्टी लावून नंबर घालावा. आम्ही एकतिसापर्यंत गेलो. मोबाइलवर फोटोही काढले, पण खरे उपयोगी पडले ते नंबरच, कारण फोटोत सगळ्या नळ्या काळ्याच दिसतात.

सगळ्यांत छळले ते मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूच्या नटांनी. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याकडे तोंड करून ते बसलेले. दिसत नाहीत, आणि हात गेला तर पाना जात नाही. आम्ही बॉनेटखाली पालथे पडून, एका हाताने आरसा धरून, दुसऱ्या हाताने एकेक अष्टमांश वळण घेत होतो. दोन नटांना सव्वा तास लागला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "फियाटला इंजिनाच्या बाजूला उभं राहता येत असे." काका म्हणाले, "एस.टी.ला तर इंजिनाच्या बाजूला झोपताही येई."

मॅनिफोल्ड उचलला आणि सहा सिलिंडरांकडे जाणारी सहा भोके उघडी पडली. इथे काकांनी आम्हांला थांबवले. त्यांच्या मते या सगळ्या कामात धोका असा एकच असतो. त्या भोकांतून नट, खडा, पॅकिंगचा तुकडा, काहीही आत पडले तर पुढे इंजिनच खोलावे लागते. काकूंकडून कापड मागितले. आईने आपल्या पिशवीतून जुन्या सुती पातळाचा तुकडा काढून दिला (आमची आई असा तुकडा बरोबर घेतल्याशिवाय परदेशी जात नाही). त्याचे सहा बोळे करून सहा भोकांत कोंबले. काकांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने '६' लिहिले.

मग घळ साफ केली. तेरा वर्षांची रेती, तेलाचा चिकटा आणि एक वाळलेले पिंपळपान, ते कुठल्या देशातले कोण जाणे. तळाशी दोन सेन्सर. आणि ती वायर! हात लावताच तिचे वरचे आवरण बिस्किटासारखे मोडले. आतल्या तारा हिरव्या पडलेल्या, एक तुटून नुसती टेकलेली. खाली तापलेले इंजिन, वर मॅनिफोल्डचे झाकण, आणि वर्षातले चार महिने बाहेर चाळीस-पंचेचाळीस अंश. गाडी उभी केल्यावरही त्या घळीतली उष्णता बराच वेळ निघत नाही. प्लास्टिकने तरी किती तग धरावा?

काका काही बोलले नाहीत. नुसते आमच्याकडे बघितले.

नवे सेन्सर बसवताना दोन गोष्टी पाळल्या. बसण्याची जागा घासून स्वच्छ, धातूला धातू लागेल अशी केली. वॉशर किंवा पॅकिंगचा लेप मध्ये घातला नाही, कारण मध्ये मऊ काही आले की कान झाकल्यासारखे होते. आणि आवळताना टॉर्क रेंच वापरला, पुस्तकातल्या मापाने, जास्त नाही आणि कमी नाही. सैल सेन्सर ऐकत नाही, आणि फार आवळला तर त्याच्यातली चकती तडकू शकते.

एव्हाना दुपारची नमाज होऊन गेली होती. आम्ही पॅकिंगच्या जागा पुसत असताना काकूंनी जेवायला हाक मारली. पिठले-भात, लोणचे. जेवून आलो, नवी पॅकिंग मांडली आणि बोळे काढू लागलो. एक, दोन, तीन, चार, पाच.

सहावा नव्हता.

सहाव्या भोकात बोळा नव्हता आणि खालीही नव्हता. आम्ही बॅटरी घेऊन आत पाहिले. भोक आत वळते, पुढचे काही दिसत नाही. आमच्या पोटात गोळा आला. तो बोळा कोपरापाशी ढकलला गेला असेल, तर वरून मॅनिफोल्ड बसवून गाडी सुरू केल्यावर सरळ व्हॉल्व्हच्या तोंडाशी जाईल. मुलाने, म्हणजे काकांच्या नातवाने, "चालू करून बघू, जळून जाईल" असे सुचवले. बाबा खुर्चीतून उठले. "किल्ली आण इकडे," एवढेच म्हणाले, आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

अर्धा तास आम्ही अंगण धुंडाळले. इंजिनाखाली, बादलीमागे, मांजरांच्या टोपलीत. लवचिक तारेला आकडा करून भोकात फिरवला, तारेला काही लागेना. काका खडूच्या त्या सहाकडे पाहत गप्प बसले होते. आमच्या मनात मात्र गाडीची सात हजार किंमत, मजुरीचे अठराशे आणि सौ. चे रविवारचे शाळेत जाणे यांची बेरीज-वजाबाकी चालू होती.

सौ. मागच्या दाराने ओरडल्या, "अहो, हे काय वाळत घातलंय?"

कपड्यांच्या दोरीवर, टॉवेलच्या शेजारी, पिवळ्या किनारीचा तो तुकडा धुऊन, पिळून, चिमटा लावून वाळत घातलेला होता. पॅकिंगची जागा पुसताना आम्हीच तो काढून बंपरवर ठेवला होता. आम्ही जेवत असताना आई हात धुवायला बाहेर आली आणि आपल्या पातळाचा तुकडा तेलकट पडलेला पाहून तिला राहवले नाही. "चांगला कपडा आहे," आई म्हणाली. "अजून चार वर्षं जाईल." कोणी काही बोलले नाही. बाबांनी किल्ली काढून दिली.

तरीही काकांनी ते सहावे भोक पुन्हा एकदा तारेने तपासायला लावले. तो तुकडा तोच, हे आईकडून दोनदा वदवून घेतले, आणि मगच मॅनिफोल्ड बसवू दिला.

जोडायला संध्याकाळ झाली. कूलंट भरले, बॅटरी जोडली, यंत्राने आकडा पुसला. पहिल्या किल्लीला इंजिन पाच-सहा सेकंद घरघरले, नळ्यांत पेट्रोल पोचायचे होते, आणि मग लागले. बाबा बॉनेटपाशी मान तिरकी करून उभे राहिले, अगदी खंबाटकीच्या वर उभे राहत तसे. बराच वेळ ऐकले. मग म्हणाले, "हिला ऐकून काही कळत नाही रे. फारच गप्प आहे."

रात्री शारजाला परतताना रस्ता मोकळा मिळाला. ताशी सत्तरच्या पुढे गेल्यावर गाडीने हलकासा हिसका दिला आणि फेऱ्यांचा काटा तीन हजारांवरून खाली उतरला. सौ. नी नुसते "हं" म्हटले. आमच्या घरात याला प्रशस्तिपत्र म्हणतात.

घरी आल्यावर आम्ही जुने दोन्ही सेन्सर काढून मल्टिमीटरला जोडले आणि पान्याने हलकेच टकटक केली. काटा दोन्ही वेळा हलला. दोघेही चांगले होते. मेली होती ती फक्त वीतभर वायर, आणि तिची किंमत आम्ही भरलेल्या सगळ्या सामानात सर्वांत कमी होती. काकांना फोन करून सांगितले तर म्हणाले, "सेन्सर ठेवून दे डब्यात. पण गाडीत परत घालायला म्हणून नको."

ज्यांच्याकडे स्वतःचे अंगण नाही, टॉर्क रेंच नाही आणि शेजारी असा माणूस नाही, त्यांनी हे काम गॅरेजलाच द्यावे असे आम्ही मोकळेपणाने सांगतो. मात्र देताना 'सेन्सर बदला' एवढेच सांगू नये. मॅनिफोल्डखालची वायर नवी घालणार का, हे आधी विचारून घ्यावे आणि जुनी वायर परत मागावी.

ती कॅम्री आम्ही २०१९ पर्यंत चालवली. मधल्या काळात पिवळा दिवा एकदा पुन्हा लागला. आम्ही काकांकडे जायची तयारी करू लागलो होतो, आईचे पातळही शोधले. यंत्राने आकडा वाचला तेव्हा कळले, पंपावर पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट लागलेले नव्हते.